टीएसएच वाढलं म्हणजे थायरॉइड वाढलं नाही गं

मनू,
काल फोनवर म्हणालीस की टीएसएच ११ आलंय म्हणजे थायरॉइड जास्त झालंय, मग डॉक्टरांनी गोळी वाढवली कशी, आणि स्वतःच्या डोक्याने चार दिवस गोळी बंद पण केलीस! बाबांसमोर काही बोलले नाही, पण रात्री झोप लागली नाही म्हणून लिहितेय. पूर्ण वाच, नुसता अंगठा पाठवू नकोस.

अगं टीएसएच थायरॉइड बनवतच नाही. ते येतं मेंदूखालच्या पिट्युटरीतून, जेमतेम वाटाण्याएवढी ग्रंथी आहे ती. थायरॉइड बनवतं ते हार्मोन म्हणजे थायरॉक्सिन, ते रक्तात कमी पडलं की पिट्युटरी थायरॉइडला हाक मारते, ती हाक म्हणजे टीएसएच. दहावीत तुला सकाळी कशी उठवायचे आठवतंय ना, पहिली हाक हळू, मग आवाज चढत जायचा आणि तू उठून बसलीस की मी गप्प. आत्ता पिट्युटरी घसा फोडून ओरडतेय आणि तुझं थायरॉइड पांघरुणात. गोळीतून थायरॉक्सिन मिळालं की ओरडणं आपोआप कमी होतं. पिट्युटरीच्याही वर हायपोथॅलॅमस नावाचा मेंदूचा भाग बसलाय, तिची सासूच समज, पण ते राहू दे.

पेशींनी किती वेगाने काम करायचं ते थायरॉक्सिनवर ठरतं, म्हणून तुला पंख्याखाली पण थंडी वाजते, केस गळतात, पाळी पुढे जाते. तू आळशी झालीयस असं मी म्हणाले होते ते मागे घेते.

आणि गोळी चहाबरोबर नको, नीट अंगी लागत नाही. मी दोन वर्षं तेच केलं, गोळी, लगेच चहा, वर कॅल्शियम, मग डोस वाढतोय वाढतोय आणि मी डॉक्टरांना नावं ठेवतेय. उपाशीपोटी साध्या पाण्याने घे, चहा अर्ध्या-पाऊण तासाने, कॅल्शियम आणि लोहाची गोळी ४ तासांनी. थायरॉक्सिन रक्तात निम्मं व्हायला साधारण ७ दिवस लागतात, त्यामुळे डोस बदलला की लगेच फरक दिसत नाही, टेस्ट ६ ते ८ आठवड्यांनी कर, पुढच्या सोमवारी नाही.

रोजच्या गोळीचा कंटाळा येतो म्हणतेस, तर ऐक, १८९१ मध्ये इंग्लंडात मरे नावाच्या डॉक्टरने एका बाईला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला होता आणि ती पुढे २८ वर्षं जगली. तुझी तर मुगाएवढी गोळी आहे!

बाटली उशाशी ठेव, चहाच्या डब्याजवळ नको. लाडू कुरियर केलेत, रूममेटला पण दे.

आई