‘सादिक’मधला पहिला दीर्घ आ

ती. आई-बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, ‘सादिक म्हणजे मित्र ना?’ असं तुम्ही विचारलंत. नाही. मित्र तो ‘सदीक’, दुसरं अक्षर दीर्घ. लंडनचे महापौर ‘सादिक’ खान, पहिलं दीर्घ; अर्थ खरा, सच्चा, बोलल्याला जागणारा. दोन्ही शब्द अरबी, एकाच धातूचे. सदका आणि सिद्दीकी त्याच कुळातले. रोमन लिपीत दोन्ही सारखेच दिसतात म्हणून घोटाळा. देवनागरीत तो होत नाही. (आई, आपली ‘तसदी’ मात्र या कुळातली नाही. तिचं मूळ डोकेदुखीत आहे!)

खान १९७० साली दक्षिण लंडनच्या टूटिंगमध्ये जन्मले. आईवडील पाकिस्तानातून आलेले. वडील बसचालक, आई शिवणकाम करणारी. मानवी हक्कांचे खटले चालवणारे वकील, वॉन्ड्सवर्थचे नगरसेवक, २००५ मध्ये मजूर पक्षाचे खासदार, पुढे वाहतूक राज्यमंत्री. २०१६, २०२१ आणि २०२४, तिन्ही वेळा महापौर. अशी तिसरी खेप मिळवणारे ते पहिलेच.

तिथला महापौर थेट जनता निवडते. तरी कचरा आणि शाळा ‘बरो’ नावाच्या स्थानिक पालिकांकडेच. महापौराचा खरा जोर बस आणि ट्यूबवर, म्हणजे भुयारी रेल्वेवर. झगा घालून मिरवणारे लॉर्ड मेयर निराळे. ते जेमतेम चौरस मैलाच्या ‘सिटी’चे.

आता नावाची कसोटी. २०१६ च्या प्रचारात त्यांनी चार वर्षं भाडेवाढ नाही, असं सांगितलं. बस-ट्यूबचं एकेरी भाडं खरंच थांबलं, पण ट्रॅव्हलकार्ड (प्रवासाचा पास) आणि दिवसाची कमाल भाडेमर्यादा वाढत राहिली. कारण त्या रकमा रेल्वे कंपन्यांबरोबर मिळून ठरतात, एकट्या महापौराच्या हातात नसतात. विरोधकांनी ‘वचनभंग’ म्हटलं. मला वाटतं, खोटं बोलले नाहीत, पण ही मेख आधीच ठळक सांगायला हवी होती.

‘हॉपर’ ही त्यांची बसभाड्याची सवलत मात्र चोख. पहिल्या बसमध्ये कार्ड टेकवल्यापासून तासाभरात कितीही बस बदला, भाडं एकदाच. २०१६ मध्ये फक्त दुसरी बस फुकट होती, २०१८ पासून सगळ्याच. शेवटची बस तासाच्या आत पकडली की पुरे, उतरणं नंतर झालं तरी चालतं. तरी सवलत हुकू शकते ती अशी: एकदा कार्ड आणि पुढच्या बसला फोन टेकवला, तर यंत्राला ते दोन वेगळे प्रवासी वाटतात. बँकेचं खातं एकच असलं तरी.

तुमची,
लेक