डॅम्पर घेऊ नकोस, आधी कॅस्टर मोज

रामबाग, इंदूर
रविवार, रात्री

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार.

हे सगळं फोनवर सांगितलं तर ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या तुझ्या मिस्त्रीपर्यंत पोचेस्तोवर त्याचं भलतंच काहीतरी होईल. म्हणून कागदावर लिहितोय. हा कागद त्यालाही वाचून दाखव.

तुझ्या तक्रारी तीन: जिम्नीला 50 मि.मी.चा लिफ्ट टाकून ती उंच केल्यापासून वळणातून बाहेर पडताना स्टीअरिंग आपणहून सरळ होत नाही, ऐंशीला गाडी भटकते आणि खड्डा आला की हातात झटका बसतो. मिस्त्री म्हणतो, जाड स्टीअरिंग डॅम्पर टाका. आत्ता टाकू नकोस. डॅम्पर थरथर गिळतो, ती कशामुळे येते ते झाकून टाकतो. शिवाय परत येणाऱ्या चाकालाही तो अडवतो, म्हणजे पहिली तक्रार वाढणारच.

मूळ दुखणं कॅस्टरचं आहे, म्हणजे चाक ज्या किंगपिनभोवती वळतं तिच्या मागे कललेल्या कोनाचं. पुढचा अखंड ॲक्सल दोन रेडियस आर्मना घट्ट बांधलेला असतो आणि आर्मचं मागचं टोक चासीला. चासी वर गेली की ते टोक वर जातं, आर्म फिरतो आणि त्याच्याबरोबर ॲक्सलही पुढे कलंडतो. किती, ते घरीच काढता येतं. चासीच्या बोल्टपासून ॲक्सलच्या मध्यापर्यंतचं अंतर टेपने मोज. समज 700 मि.मी. आलं, तर 50 भागिले 700, गुणिले 57.3, म्हणजे साधारण चार अंश गेले. आता याचा अर्थ बघ. टायरची त्रिज्या 345 मि.मी. धरली, तर तीन अंश कॅस्टरला किंगपिनची रेघ जमिनीला टायर टेकतो त्या जागेच्या 18 मि.मी. पुढे लागते. एक अंशाला फक्त 6 मि.मी. हे अंतर म्हणजेच चाकाला सरळ ओढणारी दोरी. कॅस्टर शून्याखाली गेला की तीच दोरी उलटी ओढायला लागते, आणि तुला वाटतं गाडी दारू प्यायली आहे.

पण कॅस्टरला हात लावण्याआधी सांधे तपास. चारही टायरची हवा सारखी कर, बॅलन्सिंग करून घे. मग गाडी चाकांवर उभी असताना इग्निशन चालू ठेवून वहिनींना स्टीअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे झटकायला सांग आणि तू खाली झोप. टाय रॉडचं (पुढची दोन चाकं जोडणाऱ्या दांडीचं) प्रत्येक टोक, ड्रॅग लिंकची (स्टीअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणाऱ्या दांडीची) दोन्ही टोकं, पिटमन आर्म (बॉक्समधून निघून तिला ढकलणारा हात), स्टीअरिंग बॉक्सचे बोल्ट, पॅनहार्डची (ॲक्सल बाजूला सरकू न देणाऱ्या आडव्या रॉडची) दोन्ही टोकं, एकेका सांध्यावर बोटं ठेवून बघ. डोळ्याला जो प्ले, म्हणजे ढिलेपणा, दिसत नाही तो बोटाला लागतो. पॅनहार्डच्या बोल्टपाशी टक्-टक् लागलं, तर अर्धी भटकंती तिथेच आहे. मग चाक जॅकवर घेऊन वर-खाली, म्हणजे घड्याळाच्या बारा आणि सहावर धरून हलव. प्ले लागला तर कोणालातरी ब्रेक दाबायला सांगून परत हलव. ब्रेक दाबल्यावर गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर किंगपिन बेअरिंग. किंगपिनच्या शिम (पातळ चकत्या) कमी-जास्त करणं हे सर्व्हिस मॅन्युअलचा आकडा आणि स्प्रिंग काटा हातात घेऊन करायचं काम आहे, अंदाजाने नाही.

स्टीअरिंग बॉक्सवरचा ॲडजस्टिंग स्क्रू मिस्त्रीला आवळू देऊ नकोस. सगळ्यांचा हात आधी तिथेच जातो. जास्त आवळला की मध्यावर स्टीअरिंग अडकतं, परत येत नाही आणि आतले गिअर झिजतात. सांधे ठीक असूनही बॉक्समध्ये प्ले निघालाच, तर चाकं सरळ ठेवून एका वेळी अष्टमांश फेरा, त्याहून जास्त नाही.

आता कॅस्टर. अलाइनमेंटवाला म्हणेल, "रिजिड ॲक्सल है, इसमें कुछ होता नहीं," आणि फक्त टो (पुढची चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते) बघून पैसे घेईल. त्याला कॅस्टर मोजायलाच लाव: चाकं टर्न प्लेटवर, दोन्ही बाजूंना वीस-वीस अंश फिरवून. कागद छापून घे. डावं-उजवं अर्ध्या अंशाच्या आत असलं पाहिजे. फरक जास्त असेल तर आर्मच्या सांध्यातला एखादा रबरी बुश खचला असेल किंवा आर्म वाकला असेल.

दुरुस्तीचे मार्ग तीन: ऑफसेट बुश (ज्यांचं भोक मध्यावर नसतं), चासीकडचं टोक खाली आणणारे ब्रॅकेट, किंवा कोन बदललेले नवे आर्म. 50 मि.मी.ला बुश पुरतात. ब्रॅकेट खडकावर घासतात. चंबळच्या बीहडात हिंडायचं असेल तर ते नकोतच. बुश हायड्रॉलिक प्रेसवर बसवायचे, हातोड्याने नाही. आणि दिशा सांभाळ: आर्मला ॲक्सलपाशी बुशसाठी जे दोन डोळे असतात, त्यांतल्या पुढच्या डोळ्यातल्या बुशचं भोक वर, मागच्या डोळ्यातल्याचं खाली. त्याने ॲक्सलचा पुढचा भाग उचलला जातो आणि किंगपिनचा माथा मागे कलतो. उलटे बसले तर होता तोही कॅस्टर जातो, आणि मग माणूस किटला शिव्या घालत बसतो. जुना बुश काढण्याआधी आर्मवर खडूने "पुढे, वर" लिहून ठेव. बोल्टांचा शेवटचा टॉर्क गाडी चाकांवर उभी असतानाच द्यायचा. चाकं लोंबकळत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

कॅस्टर कंपनीच्या आकड्याला आला की थांब. आणखी वाढवलास तर डिफरन्शियलचं नाक खाली जातं आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टच्या जॉइंटला कोन पडतो. फोर-एच (चारही चाकांना ताकद देणारा गिअर) टाकल्यावर पायाखाली गुणगुण ऐकू आली तर समज, हाव केलीस.

पॅनहार्डचं लोकांना समजत नाही, म्हणून जरा सविस्तर. 900 मि.मी.चा रॉड, दोन टोकांच्या उंचीत आधी 100 मि.मी. फरक होता आणि लिफ्टनंतर 150 झाला, तर ॲक्सल 7 मि.मी. बाजूला सरकतो. लांबी बदलता येणारा पॅनहार्ड टाकून तो मध्यावर आण; चासीपासून दोन्ही चाकांपर्यंतचं अंतर मोजून ठरव. पण खरी गोष्ट कोनाची. गाडी सपाट जागी उभी करून समोरून, बंपरच्या खालून फोटो काढ. पॅनहार्ड आणि ड्रॅग लिंक समांतर दिसले पाहिजेत. एकालाच ब्रॅकेट लावून खाली आणलं की दोघं वेगवेगळे कंस काढतात, आणि प्रत्येक गतिरोधकावर स्टीअरिंग आपलं आपण फिरतं. बदलायचे तर दोघांचे कोन बरोबरीने, नाहीतर कोणालाच हात नको.

टोचं म्हणशील तर अशा ॲक्सलवर लिफ्टने तो बदलत नाही, टाय रॉड ॲक्सलबरोबरच असतो. तरी बघून घे: टायरवर खडू फासून, चाक फिरवत खिळ्याने रेघ मार, गाडी खाली उतरव, दोन-तीन मीटर पुढे ढकल आणि हबच्या उंचीला पुढचं-मागचं अंतर मोज. पुढे 1 ते 2 मि.मी. कमी असलं की झालं. स्टीअरिंगचा आरा तिरका राहिला तर ड्रॅग लिंकचे लॉकनट सैल करून ती फिरव. स्टीअरिंग व्हील काढून दात बदलून बसवायचं नाही. अँगल सेन्सर गोंधळतो आणि सरळ रस्त्यावर गाडी घसरू न देणारी ईएसपी यंत्रणा ब्रेक लावायला बघते.

खड्ड्याचा झटका मात्र तू विकत घेतलेला आहेस. नवे रिम चाक 20 मि.मी. बाहेर काढतात, तेवढाच रस्त्याचा धक्का जास्त लांबीच्या दांड्यावर हातापर्यंत येतो. 215/75 टायर ठेव, त्याने टायरचा व्यास जेमतेम 10 मि.मी. वाढतो. रिम जुने लाव. छान दिसत नाहीत, मान्य. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 52, गाडीतल्या फेरफारांबद्दलचं, विसरू नकोस. विमेवाला दाव्याच्या वेळी बरोबर तेच काढतो.

एका वेळी एकच गोष्ट बदल आणि लगेच चालवून बघ. मोकळ्या मैदानात पंधराच्या वेगाने अर्धं वळण घेऊन हात सैल सोड, स्टीअरिंग जवळपास सरळ आलं पाहिजे. मग गतिरोधकावरून सावकाश जा आणि आऱ्याकडे बघ. शेवटी ऐंशीला. 500 कि.मी. झाले की सगळे बोल्ट परत टॉर्क कर.

इकडे आलास की महूवरून जाम गेटच्या घाटाने मंडलेश्वरला उतरू. त्या वळणांवर कॅस्टर पास की नापास ते दहा मिनिटांत कळतं. अलाइनमेंटचा कागद बरोबर आण, आणि तुझ्याकडची गजक.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या