साक्षीला आलेल्या डॉक्टर मॅडमना

सरकारी रुग्णालयातल्या हाडांच्या डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

पॉवर प्रेसवर (पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्रावर) दादाची बोटं गेली, त्याच्या भरपाईच्या केसचा निकाल लागला. विमा कंपनीने पैसे नुकसानभरपाई आयुक्तांकडे भरले आणि ते दादाच्या खात्यावर जमाही झाले. निकालाच्या दिवशी तुम्हाला फोन केला होता, पण तुम्ही ऑपरेशनला होतात. मग ठरवलं, आभार सगळ्यांना वाचता येतील असेच मानावेत. भोसरी-चाकणच्या पट्ट्यात पॉवर प्रेसवर बोटं गेलेली माणसं गल्लोगल्ली आहेत. तुम्ही काय केलंत, ते त्यांच्या घरच्यांना कळायला हवं.

दादाच्या वर्कशॉपात माणसं दहाच्या आत, त्यामुळे ईएसआयसी, म्हणजे सरकारी कामगार विमा, नव्हतं. दावा तेव्हा लागू असलेल्या 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याखाली कामगार न्यायालयात गेला. तिथले न्यायाधीशच या कायद्याचे आयुक्त म्हणून काम बघायचे. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट मुळापासून गेलं होतं. अंगठा वाचला, असं जो तो म्हणत होता. कलम 11 प्रमाणे मालकाने फुकट तपासणी करून देतो म्हटलं की कामगाराला जावंच लागतं, नाही गेलं तर भरपाईचा हक्क तेवढा काळ थांबतो. (त्या कायद्याच्या जागी आलेल्या 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद ठेवली आहे.) तसे आम्ही गेलो. मालकाच्या बाजूच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला, अंगठ्याचं हाड जागेवर दिसलं, आणि कायद्याच्या परिशिष्टातला, म्हणजे कुठल्या इजेने कमाईची ताकद किती टक्के गेली याच्या यादीतला, आकडा उतरवून दिला: एका हाताची दोन बोटं, 20 टक्के. दादाला साधी एखादी वस्तू धरून दाखव असंही कुणी म्हटलं नाही.

तुम्ही मात्र एक्स-रे बाजूला ठेवलात. आधी विचारलंत, प्रेसवर नेमकं काय काम करायचास? डाय (प्रेसचा साचा) बसवायला पाना कसा धरायचास? मग अंगठा आणि अनामिकेच्या मध्ये केसपेपरचा कागद दिलात आणि म्हणालात, घट्ट धर, मी ओढते. कागद सरकन निघून आला. दादाचा चेहरा घामाने भिजला होता, एवढा जोर तो लावत होता. पकडीचं यंत्र दोन्ही हातांत पुन्हा पुन्हा दाबायला लावलंत आणि दरवेळचा आकडा लिहून घेतलात. जो माणूस मुद्दाम कमी जोर लावतो त्याचे आकडे वरखाली होतात, हे तुम्हीच आम्हाला समजावून सांगितलंत. दादाचे आकडे जवळजवळ सारखेच येत होते. हाड शाबूत होतं, पण अंगठ्याची शीर आणि स्नायूची दोरी कामातून गेली होती.

परिशिष्टाच्या शेवटी एक टीप आहे: अवयवाचा वापर पूर्ण आणि कायमचा गेला, तर तो अवयवच गेला असं धरायचं. अंगठ्याचे 30 टक्के. म्हणून तुम्ही 50 लिहिलंत. हा फरक घरात काय असतो ते सांगते. दादाचा पगार सोळा हजार, पण तेव्हाचा कायदा महिन्याला 15,000 पर्यंतच धरायचा. त्याचे 60 टक्के 9,000. त्याला वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकाने गुणायचं, पस्तिशीच्या माणसाला तो 197.06. वीस टक्क्यांनी 3,54,708 रुपये होतात, पन्नासने 8,86,770.

आमच्या ओळखीतले एकजण तुमच्याकडे येऊन म्हणाले होते, मॅडम, 80 लिहा, गरीब माणूस आहे. तुम्ही त्यांना बसवून घेतलंत आणि सांगितलंत की जेवढं मोजलंय तेवढंच लिहीन, कारण ते मला शपथेवर सांगायचंय. तेव्हा घरात थोडी नाराजी झाली. उलटतपासणीच्या दिवशी त्या वाक्याची किंमत कळली.

दाखला लिहून देणारे डॉक्टर मिळतात. कोर्टात उभे राहणारे फार थोडे. ओपीडी सोडून यायचं, तारीख पडली की परत जायचं, त्यात वकिलाचे तिरके प्रश्न. आयुक्तांना साक्षीदाराला समन्स काढायचे, शपथेवर साक्ष घ्यायचे, कागदपत्रं मागवायचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार असतात. पण समन्स निघालं तरी मनापासून येणारा साक्षीदार वेगळाच. पहिल्या तारखेला समोरचे वकीलच आले नाहीत आणि तुम्ही कपाळावर आठीही न आणता पुढची तारीख डायरीत लिहून घेतलीत. पुढच्या वेळी त्यांनी विचारलं, अंगठ्याचं हाड मोडलेलं नाही हे खरं ना? तुम्ही म्हणालात, खरं आहे. मग तुमचा तपासणीचा तक्ता पुढे केलात. आयुक्तांनी स्वतः तो मागून घेतला आणि दादाला हात दाखवायला सांगितला.

आमच्या वकिलांनी 100 टक्क्यांसाठीही युक्तिवाद केला होता. 1975 चा प्रताप नारायण सिंह देव खटल्याचा निकाल त्यांनी दाखवला: सुताराचा डावा हात कोपराच्या वरून गेला, एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून आयुक्तांनी धरलेले 100 टक्के सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवले. आमच्या आयुक्तांनी ते मान्य केलं नाही. दादा दुसरं काम करू शकतो असं म्हणाले. मला आजही वाटतं की डाय बसवणाऱ्या माणसाला निदान आणखी थोडं मिळायला हवं होतं. पण 50 टक्के आणि वर 12 टक्के व्याज, याला धक्का लागला नाही, तो तुमच्या साक्षीमुळे. मालकाला अपील करायचं तर आधी सगळी रक्कम आयुक्तांकडे भरावी लागते. समोरच्यांनी रक्कम भरली, अपिलात गेले नाहीत.

तुमचा तो तक्ता, दादाचं नाव झाकून, वकिलांनी युनियनच्या ऑफिसात ठेवलाय. आणखी एका प्रेसवाल्याची केस चालू आहे, त्याच्या डॉक्टरांना तसंच मोजायला सांगणार आहेत. चालेल ना? नको असेल तर कळवा, लगेच काढून घेऊ.

दादा आता दुसऱ्या कारखान्यात पॅकिंगला लागलाय. पुढच्या महिन्यात तो दाखवायला येईल तेव्हा वहिनीपण बरोबर येणार आहे. तिला तुम्हाला भेटायचंय.

आपली,
तुमच्या पेशंटची धाकटी बहीण, भोसरी