भाड्याच्या गाडीचा ‘वर्ग’ पावतीवर स्पष्ट हवा

संपादक महोदय,

गणपतीला मुंबईहून आलेल्या सहा नातेवाइकांसाठी मी कुडाळ स्थानकावरून तीन दिवसांकरिता चालकासह सातआसनी मोठी गाडी ठरवली होती. किलोमीटरला 18 रुपये, दिवसाला किमान 300 किलोमीटर आणि चालकाचा भत्ता वेगळा, असा व्यवहार होता. प्रत्यक्षात आलेल्या गाडीत आसने सातच होती, पण मागची रांग उघडल्यावर दोन बॅगा ठेवण्यापुरतीही जागा उरेना. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या मावशीला पायांशी नारळाचे पोते घेऊन मालवणपर्यंत बसावे लागले. विचारणा केली तेव्हा पावतीवरील ‘किंवा तत्सम’ (म्हणजे ठरलेली किंवा तिच्यासारखी दुसरी गाडी) या शब्दांवर बोट ठेवण्यात आले. आमचा प्रवास 410 किलोमीटर झाला आणि पैसे 900 किलोमीटरचे, म्हणजे भत्ता सोडून 16,200 रुपये, मोजले.

किमान किलोमीटरबद्दल माझी तक्रार नाही, कारण गाडी आणि चालक दिवसभर आपल्यासाठीच अडकलेले असतात. मोठ्या गाडीची किंमत, विमा, टायर, इंधन हे सारे जास्त, तेव्हा तिचा दरही जास्त असणारच. परंतु दर केवळ खर्चावर ठरत नाही. त्या वर्गातल्या, म्हणजे त्याच आकाराच्या आणि प्रकारच्या, किती गाड्या मोकळ्या आहेत, यावरही तो ठरतो. भर पावसाळ्यात उभ्या गाडीचाही हप्ता चुकत नसल्याने मोठी गाडी कधी कधी लहान गाडीच्या दरात मिळते, तर गणपतीत आणि मे महिन्यात तिचाच दर चढतो. हेही समजण्यासारखे आहे. मात्र ज्या वर्गाच्या नावावर चढा दर घेतला, त्या वर्गात नेमके काय मोडते, हे ग्राहकाला आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी कळलेच पाहिजे.

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 67 नुसार भाड्याबाबत निर्देश देण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे, आणि 2018 मध्ये खासगी कंत्राटी बसभाड्याला एसटीच्या दीडपट ही मर्यादा शासनानेच घातली. भाड्याच्या मोटारींसाठी निदान एवढा नियम व्हावा, की पावतीवर गाडीचे मॉडेल, सर्व आसने भरल्यावर सामानासाठी उरणारी जागा आणि हंगामी दर लिहिलेला असावा, आणि खालच्या वर्गाची गाडी पाठवल्यास त्या खालच्या वर्गाचाच दर लागावा. परिवहन विभागाने पुढच्या गणपतीपूर्वी याची दखल घ्यावी, ही विनंती.

– एक वाचक, कुडाळ (जि. सिंधुदुर्ग)