नावांशेजारी कारणही कोरा: झांबियाच्या क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

मा. क्रीडामंत्री,
झांबिया सरकार, लुसाका

स. न. वि. वि.

पत्र मराठीत आहे, सांभाळून घ्या. तुमच्या देशातल्या किटवेच्या शाळेत गणित शिकवायचो तेव्हाचं माझं इंग्रजी वर्गापुरतंच होतं.

28 एप्रिल 1993, बुधवार. पहिल्या तासाला गेलो तर पोरांनी फळ्यावर सेनेगलविरुद्धच्या पुढच्या फुटबॉल सामन्याचा निकालच लिहून ठेवलेला: झांबिया 2, सेनेगल 0. का नाही लिहिणार? तीनच दिवसांपूर्वी मॉरिशसला 3-0 हरवलं होतं, तिन्ही गोल केल्विन मुटालेचे. तेवढ्यात शिपाई रेडिओवरची बातमी घेऊन आला. त्या सामन्याला निघालेल्या झांबियाच्या संघाचं विमान गॅबॉनची राजधानी लिब्रव्हिलजवळ समुद्रात पडलं. 30 जण गेले, त्यांत 18 खेळाडू. फळा कुणी पुसेना. शेवटी मीच पुसला.

लुसाकातल्या इंडिपेंडन्स स्टेडियमबाहेर 'हीरोज एकर'मध्ये ते सगळे विसावलेत. शेजारी त्यांच्या स्मरणार्थ नवं स्टेडियमही झालं. 2012 मध्ये तुमच्या संघाने त्याच लिब्रव्हिलला आफ्रिका चषक जिंकला, त्याआधी किनाऱ्यावर जाऊन फुलं वाहिली. मी सांगलीत जागून एकेक पेनल्टी मोजत होतो, 8-7 पर्यंत. मान देण्यात तुमचा देश कमी पडला नाही.

पण विमान पडलं कसं? हवाई दलाचं 'बफेलो' जातीचं विमान, पाच महिने जागेवर उभं असलेलं. सामना होता त्या डाकारपर्यंत, म्हणजे सेनेगलच्या राजधानीपर्यंत, तीनदा इंधन भरावं लागणार होतं. निघण्याआधीच इंजिनात दोष सापडले होते, तरी ते निघालं. डावं इंजिन पेटलं आणि वैमानिकाने चुकून उजवं बंद केलं. इशाऱ्याचा दिवा बिघडलेला, वैमानिक आदल्याच दिवशी मॉरिशसहून संघाला घेऊन आलेला, दमलेला. एवढं बाहेर यायला 2003 उजाडलं. मेलेल्या वैमानिकावर बोट ठेवणं सोपं आहे हो. ते विमान उडू द्यायचं कुणी ठरवलं, हे घरची माणसं विचारत राहिली.

म्हणून मागणी एवढीच: चौकशीचं पानन्‌पान लोकांसाठी खुलं ठेवा आणि त्याचा गोषवारा समाध्यांजवळ दगडावर कोरा. बेंबा, न्यांजा, इंग्रजी, तुमच्याकडच्या या तिन्ही भाषांत. शाळेची सहल आली तर पोरांना वाचता येईल असा.

त्या दिवशी मागच्या बाकावरच्या एका पोराने विचारलं होतं, "सर, एवढं चांगलं विमान पडतं कसं?" मी म्हणालो, चौकशी होईल, मग सांगतो. त्याची आता पंचेचाळिशी उलटली असेल.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक, सांगली