फोटो कमी छापा, पायऱ्या मोजून सांगा

मा. संपादक,

ट्रेनने दोन-तीन दिवसांच्या छोट्या ट्रिपा यावर तुमच्या पुरवणीत बरंच काही येतं आणि मी ते आवडीने वाचते, पण मी व्हीलचेअरवर असल्यामुळे लेख संपला की माझा खरा अभ्यास सुरू होतो. कारण स्टेशनातून बाहेर पडायला पायऱ्या किती, लिफ्ट आहे का, हे त्यात नसतंच. फार तर शेवटी एक ओळ, 'व्हीलचेअरची सोय उपलब्ध'. सोय म्हणजे नक्की काय? प्लॅटफॉर्मपर्यंत जाता येतं की डब्यात पण चढता येतं? या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली असली म्हणजे दुसरी आलीच असं बऱ्याच लोकांना वाटतं, त्यात लेख लिहिणारेही आले.

चालणारी माणसं आधी गाव ठरवतात मग गाडी बघतात. आमचं उलटं असतं, आधी कुठल्या स्टेशनवर उतरता येईल ते शोधायचं, मग त्या यादीतल्या कुठल्या गाडीत व्हीलचेअरची जागा रिकामी आहे ते बघायचं, आणि मग जे गाव उरेल ते आपलं आवडतं गाव! बऱ्याच गाड्यांत अशा जागा एक किंवा दोनच असतात. म्हणजे व्हीलचेअरवरच्या तीन मैत्रिणींनी मिळून फिरायला जायचं म्हटलं तर एका गाडीने जाताच येत नाही, आणि याचा विचार जागा ठरवणाऱ्यांनी कधी केला असेल असं वाटत नाही, त्यांच्या डोळ्यासमोर एक पेशंट आणि एक सोबती एवढंच चित्र असतं. जपानने यात चांगली सुधारणा केली, २०२१ पासून शिंकान्सेनच्या (तिथल्या बुलेट ट्रेनच्या) एन७००एस गाड्यांत एकेका गाडीला ६ जागा आल्या. करता येतं म्हणजे, मनात आणलं तर.

आता उंचीचं बघा. रुळापासून मोजलं तर युरोपात प्लॅटफॉर्मची उंची मुख्यतः ५५० किंवा ७६० मिलिमीटर, ब्रिटनमध्ये ९१५, शिंकान्सेनला १२५० च्या आसपास म्हणजे डब्याच्या तळाशी जवळजवळ सपाट, आणि भारतात उंच प्लॅटफॉर्म म्हणजे ७६० ते ८४०, डब्याचा तळ त्याच्याही बराच वर. तेव्हा 'उंच प्लॅटफॉर्म आहे' एवढं ऐकून खूश व्हायचं नाही, गाडी कुठली येणार आणि तिचा तळ किती उंच हे कळल्याशिवाय त्याला अर्थ नाही. मधल्या फरकाला रॅम्प लावतात किंवा लिफ्ट वापरतात. रॅम्पचं पण ऐका, इमारतीत साधारण १:१२ चा उतार धरतात म्हणजे ८ टक्क्यांच्या जरा वर, पण युरोपच्या रेल्वे नियमांत डब्याला लावायच्या रॅम्पला १८ टक्क्यांपर्यंत चालतं. दुपटीहून जास्त चढ! स्वतःच्या हाताने चाकं फिरवणाऱ्या माणसाला एवढं चढणं बहुतेक वेळा जमत नाही, ढकलायला कुणीतरी लागतंच, आणि एकट्याने जायचा बेत असेल तर हे घरीच कळलेलं बरं.

त्याच नियमांत खुर्चीचं माप पण ठरलेलं आहे. रुंदी ७०० मिलिमीटर, वर हातांसाठी दोन्हीकडे ५०-५०, लांबी १२०० आणि पायांसाठी आणखी ५०, इलेक्ट्रिक खुर्ची असेल तर माणूस आणि सामान धरून ३०० किलोपर्यंत. बुकिंगच्या आधी आपली खुर्ची मोजा आणि मोजताना त्यात बसून मोजा, मागे लटकवलेली बॅग धरून, फूटरेस्ट लावून. दुकानातल्या कागदावरचं माप खुर्चीचं असतं, तुमचं नसतं. मोबिलिटी स्कूटरवाल्यांनी (बॅटरीवर चालणारी, हँडलची बसायची गाडी) तर आधी विचारल्याशिवाय निघूच नये, त्यांचं वळायचं वर्तुळ मोठं असतं आणि काही रेल्वे कंपन्या ठराविक मापापुढे घेतच नाहीत.

मदत सांगून ठेवणं हा वेगळा विषय. तिकीट काढलं म्हणजे मदत बुक झाली असं नसतं, अनेक ठिकाणी ते वेगळं करावं लागतं. युरोपियन युनियनमध्ये साधारण २४ तास आधी कळवायचं, ब्रिटनमध्ये २०२२ पासून २ तास आधी सांगितलं तरी चालतं. पण सगळ्यात नाजूक जागा वेगळीच आहे. चढवणारे लोक समोर असतात, ते रॅम्प लावतात, हसून टाटा करतात, पण उतरायच्या स्टेशनला निरोप गेला का? तो नसेल गेला तर दार उघडतं, समोर कुणी नाही, आणि गाडी तुम्हाला घेऊन पुढच्या स्टेशनला जाते. माझ्यावर ही वेळ आली आहे, कुठल्या रेल्वेवर ते राहू दे. तेव्हापासून मी चढल्यावर लगेच डब्यातल्या रेल्वेच्या माणसाला डबा नंबर आणि उतरायचं स्टेशन सांगते आणि निरोप दिलात का हे पुन्हा विचारते, चिकट वाटलं तर वाटू दे. गाडी बदलायची असेल तर मध्ये भरपूर वेळ ठेवते आणि दिवसातली शेवटची गाडी कधीच धरत नाही.

तुमच्या लेखांत हमखास राहून जाणारी एक गोष्ट सांगते, परतीचा प्लॅटफॉर्म. जाताना तुम्ही गावाच्या बाजूला उतरता, सगळं सपाट, मजा येते, आणि परतीची गाडी येते पलीकडे जिथे जायला फक्त पायऱ्यांचा पूल. लेखकाला हे दिसत नाही कारण तो पूल बोलत बोलत चढून जातो. ब्रिटनमध्ये स्टेशनांना ए, बी१, बी२, बी३, सी अशा श्रेणी दिल्यात, किती भाग पायऱ्यांशिवाय आहे ते त्यावरून कळतं, तसं काहीतरी सगळीकडे हवं.

गाडीतल्या टॉयलेटबद्दल जास्त लिहीत नाही, पण एक सांगते, मोठं टॉयलेट गाडीत असणं आणि त्या दिवशी चालू असणं यात फरक असतो, लांबचा प्रवास असेल तर निघायच्या आधी विचाराच. हॉटेलला मात्र फोटो मागा, टेप लावून काढलेले. बाथरूमच्या दाराची रुंदी, पलंगाची उंची, आणि होइस्ट (माणसाला खुर्चीतून उचलून पलंगावर ठेवणारं चाकांचं यंत्र) वापरणाऱ्यांसाठी पलंगाखाली मोकळी जागा आहे का, कारण खालून बंद असलेल्या बॉक्सच्या पलंगाखाली होइस्टचे पाय जातच नाहीत आणि मग सगळा बेत तिथेच संपतो. मी तर आता एकाच गावात मुक्काम ठेवते, स्टेशनजवळ, आणि तिथून रोज ट्रेनने जाऊन येते. रोज हॉटेल बदलायचं म्हणजे रोज सगळी सामग्री बांधा आणि नवीन बाथरूमशी नव्याने भांडा, त्याला सुट्टी कोण म्हणेल.

कायदे आहेत म्हणून निर्धास्त राहावं तर तसंही नाही. अमेरिकेत अपंगांच्या हक्कांच्या १९९० च्या कायद्याने तिथल्या लांब पल्ल्याच्या प्रवासी रेल्वेच्या, म्हणजे अ‍ॅमट्रॅकच्या स्टेशनांना व्हीलचेअरला योग्य व्हायला २०१० पर्यंत मुदत दिली होती, ती उलटून गेली आणि २०२० मध्ये न्याय खात्याशी समझोता करायची पाळी आली. स्वित्झर्लंड, जिथल्या रेल्वेचं आपण एवढं कौतुक करतो, तिथे २००४ मध्ये लागू झालेल्या कायद्याने २०२३ च्या शेवटापर्यंत वेळ दिला तरी बरीच स्टेशनं राहिलीच. त्यामुळे 'कायद्याने सोय आहे' हे वाक्य मला पुरत नाही. आणि उलट बाजू म्हणजे कामं चालू असल्याने माहिती पटकन जुनी होते, काल नसलेली लिफ्ट आज असते, काल असलेली आज बंद.

म्हणून मागणी एवढीच, ट्रिपच्या प्रत्येक लेखाला एक छोटी चौकट जोडा. दोन्ही प्लॅटफॉर्मला पायऱ्या किती, लिफ्ट आहे का, मदत किती आधी सांगायची, स्टेशनपासून मुक्कामापर्यंत जायला खुर्चीसकट बसता येईल असं वाहन आहे का, आणि ही माहिती कुठल्या तारखेला तपासली. तारीख नसेल तर बाकीचं नका छापू. जागा नाही म्हणाल तर सूर्यास्ताच्या दोन फोटोंतला एक काढा. आणि तपासायला कुणालातरी टेप घेऊन प्रत्यक्ष पाठवा, फोनवर विचारू नका, फोनवर सगळ्यांकडे 'फक्त एकच पायरी' असते.

आपली एक नियमित वाचक