आशाताईंना घरात घ्या, कंबरेचं माप घेऊ द्या

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबर आला की ब्रेस्ट कॅन्सरवर लेख येतात, गाठ तपासा वगैरे, ते चांगलंच आहे पण वाढलेल्या वजनाचा त्याच्याशी काय संबंध हे कोणी नीट सांगतच नाही. आपल्या खान्देशात तर पन्नाशीतली बाई जाड झाली की "खात्यापित्या घरची आहे" म्हटलं की विषय संपला.

चरबी नुसती पडून नसते हो. पाळी गेली की अंडाशयातून इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन येणं जवळपास थांबतं, मग ते मुख्यतः चरबीत बनतं, अरोमाटेज नावाचं एन्झाइम ते बनवतं, आणि स्तनाच्या बऱ्याच कॅन्सरना हेच इस्ट्रोजेन वाढवतं. त्यात चरबीच्या पेशी फुगून फुगून मरायला लागल्या की त्यांच्याभोवती रोगप्रतिकारक पेशी जमतात आणि आत बारीक सूज कायमची राहते, ती वरून दिसत नाही, दुखतही नाही, पण त्या एन्झाइमला अजून जोर देते. आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 2016 मध्ये लठ्ठपणाशी संबंध पक्का असलेले 13 कॅन्सर सांगितले त्यात पाळीनंतरचा ब्रेस्ट कॅन्सर आहे. टाटा मेमोरियलच्या अभ्यासात तर पोटाच्या घेराचा धोका पाळी चालू असलेल्या बायकांमध्येही दिसला.

म्हणून जाड बाईला होणारच किंवा बारीक बाईला होणारच नाही असं अजिबात नाही. "खात बसली म्हणून झालं" असं पेशंटच्या तोंडावर म्हणणारे नातेवाईक पाहिलेत, फार राग येतो.

आशाताई तिशीपुढच्या लोकांचा जो फॉर्म भरतात त्यात कंबरेचं माप आहे, बाईचं 80 सेंटीमीटरच्या वर गेलं की धोक्याचे मार्क वाढतात, स्तनात गाठ आहे का, आकार बदललाय का, बोंडातून रक्त येतं का हेही विचारलेलं असतं. पण ओट्यावर सासरे बसलेले, ताई दारात उभी, सून काय सांगणार? "काही नाही, सगळं ठीक" म्हणते नि फॉर्म भरला जातो.

भरीत नि कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकर सोडा असं कोणी म्हणत नाही, रोजची शेव नि तर्रीचं तेल तेवढं कमी करा, आणि शेत सोडून तालुक्याला राहायला आलेल्या बायकांना सकाळी निर्धास्त चालता येईल अशी जागा नगरपालिकांनी द्यावी.

तुम्हाला एकच विनंती, तो फॉर्म जसाच्या तसा महिला पुरवणीत छापा, म्हणजे ताई येण्याआधी बायका घरीच वाचतील.

– एक वाचक, अमळनेर